टेबलाचा चौथा पाय

बाबा,

आज सकाळी सहाला शेकोटीच्या खड्ड्यात काय उरलंय ते मोजलं. अर्धवट जळलेले ओंडके तीन, दादाच्या टेबलाचा पाय एक. जवळ पाण्याची बादली एकही नव्हती. आता मी दोन ओतल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, चार बुकं शिकली आणि बापाला अक्कल शिकवायला निघाली. पण नियम नगरपालिकेचे आहेत, पत्रक फ्रिजवर लावलंय. वॉर्निशचं लाकूड जाळायचं नाही, धूर विषारी असतो. खड्डा भिंतीपासून तीन मीटर लांब हवा. आपला दोन मीटर दहा सेंटिमीटर भरला. नवा मी संध्याकाळी प्रयोगशाळेतून आल्यावर खणते, तुम्ही कमरेचे हाल करून घेऊ नका.

टेबलाची फळी आणि उरलेले तीन पाय माझ्या खोलीत आहेत, किल्ली माझ्याकडे. चौथा पाय सुतारकाकांना सांगितलाय. दादा तुमच्याशी भांडून घरातून गेला त्याला आठ महिने झाले. रविवारी तो जेवायला येतोय, मी बोलावलंय. तेव्हा शेकोटी पेटवू. पेटती शेकोटी सोडून कुणी उठायचं नाही, हाही नियमच आहे. तुम्हा दोघांनाही लागू.

काल आत येताना तुम्ही म्हणालात, "विझलं गं सगळं, केव्हाच थंड झालं." म्हणून पाणी ओतण्याआधी प्रयोगशाळेतला थर्मामीटर राखेत खुपसून पाहिला. वर सव्वीस अंश. दहा सेंटिमीटर खाली, दोनशे चौदा.