लॅमिनेट केलेल्या कविता

सर,

काकू चंद्रपूरचं घर रिकामं करून मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या, तेव्हा तुमचा कवितांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे गडचिरोलीला पाठवून दिला. तो उघडला तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय मिळणार, असं स्वतःला विचारून पाहिलं. डायरीत लिहून पाहिलं. पण डायरीत तुमच्याबद्दल लिहिता येतं, तुमच्याशी भांडता येत नाही.

तुम्ही त्यांना नुसतं ‘कागद’ म्हणायचात. एका मोठ्या, जाड कागदावर एकच अमेरिकन कविता, शिशाचे अक्षरखिळे जुळवून हातानं छापलेली, कधी कोपऱ्यात लाकडी ठशाचं एखादं चित्र. तिकडच्या लहानशा छापखान्यांना तुम्ही पत्रं लिहायचात आणि ते लोक कागद पाठवायचे. बदल्यात तुम्ही बांबूच्या कामट्या तासून वाचनखुणा करायचात आणि पाठवायचात. कोळशाच्या धुळीनं दुपारपर्यंत टेबल काळं होणाऱ्या गावात एक इंग्रजीचा प्राध्यापक हे उद्योग करतो, यात तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. तुम्ही स्टाफरूमच्या खिडकीशी कागद तिरपा धरता आणि मला म्हणता, “डोळ्यानं मंग वाच. पयले बोट फिरव.” अक्षरं कागदात रुतलेली असतात. बोटाला ओळ कुठं संपते ते कळतं. इंग्रजीची भीती माझी तिथं गेली, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

आणि एकदा मी एक कागद घरी नेला. एसटीत गर्दी होती, म्हणून घडी घालून पुस्तकात ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही भरल्या वर्गात तो उलगडून सगळ्यांना दाखवलात. “तुले वाचाले देल्ला होता, घडी घालाले नाई.” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सर, इस्त्री मारून आणते ते.” सगळे हसले, तुम्हीसुद्धा. त्यानंतर ते वर्ष संपेपर्यंत तुम्ही मला एकही कागद हातात दिला नाहीत. एका घडीसाठी, सर.

मी ग्रंथपाल झाले, त्यात त्या घडीचा वाटा असेल. कागद कसा टिकतो हे शिकले. सुट्टीत आले की तुम्हाला सांगायचे, आम्ल नसलेल्या कागदात ठेवा, हवा लागू द्या, आणि काही झालं तरी लॅमिनेशन नको. गरम रुळाखाली गोंद वितळतो आणि कागदात मुरतो, तो पुन्हा निघत नाही. तुम्ही मान डोलवायचात. मी आणून दिलेल्या चांगल्या फोल्डरांत तुम्ही पेन्शनचे कागद लावलेत.

मग पूर आला. पाणी दिवाणापर्यंत चढलं. गठ्ठा कपाटावर होता, म्हणून वाचला. आणि तुम्ही घाबरलात. मला एक फोन तरी करायचात ना. आपल्याकडे माणसाला एखादा कागद जिवापाड वाटला की तो उचलून लॅमिनेशनला नेतो: जातीचा दाखला, वनहक्काचा पट्टा, मुलीची मार्कशीट. तुम्हीही तेच केलंत. चंद्रपूरच्या बसस्टँडजवळच्या त्या दुकानात मी मागच्या महिन्यात गेले. दुकानदाराला तुम्ही चांगले आठवता.

“सरचे कागद लई मोठे होते, मॅडम. आपल्या मशीनचं तोंड एवढंच.”

“मग?”

“मंग कापले. मी म्हणलं, सर, बरोबर अर्ध्यातून मारू का? तं सर म्हणे, थांब, कडवं इथी संपते, इथी मार. एकेक कागद वाचून जागा दाखवत होते जी. जातीच्या दाखल्यालेबी एवढा येळ नाई लागत.”

तो हसत होता. घडी सहन न होणारा माणूस शेजारी उभं राहून कविता कापून घेतो, आणि तीही वाचून, श्वासाची जागा बघून! निष्काळजीपणानं कापल्या असत्यात तर मला राग धरणं सोपं गेलं असतं.

हैदराबादला जतनाचं काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, हात लावू नका. तरी मी एक कागद काढायला घेतला, कडेनं, सावकाश, कारण तुमची चूक मला दुरुस्त करायची होती. प्लास्टिक निघालं आणि अक्षरं त्याच्याबरोबर निघाली. आता कविता प्लास्टिकवर आहे आणि कागद कोरा. बाकीचे मी तसेच ठेवलेत. त्यांच्यावर बोट फिरवलं तर सगळं सपाट लागतं, सूचनाफलकासारखं. लॅमिनेट केले नसते तर पुढच्या पुरात त्यांचा लगदा झाला असता का? झाला असता कदाचित. हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं असू शकतं. त्यानं राग कमी होत नाही.

परवा काकूंचा फोन आला. “काऊन पोरी, बरे आहेत ना त्याह्यचे कागद?”

“चांगले आहेत, काकू.”

“उधई-गिधई नाई ना लागली?”

“नाही, वाळवी नाही लागली.”

“लागन कशी? पूर उतरल्यावर उपाशीपोटी घेऊन गेले होते दुकानात. आले तं मले म्हणे, आता यायले काई होत नाई. तवा कुठी त्या रात्री नीट झोपले.”

कागद कापलेले आहेत हे काकूंना कळलेलं नाही. चष्मा लावूनही त्यांना आता फारसं दिसत नाही. मी म्हणाले, सरांनी फार चांगलं केलं, एकदम जसेच्या तसे आहेत. आयुष्यभर एकेक शब्द तपासून लिहिणारी मी, आणि हे वाक्य न अडखळता बोलले. तुम्ही माझ्यावर ही वेळ आणलीत, याचाही राग आहे. पण त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगणार आहे, आणि एक कविता माझ्याच हातून गेली हेही सांगणार नाही.