तरणतलावाचे दुःखद निधन

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. पायांना हात लावला असं समज (पत्रात वाकता येत नाही, आणि कंबरेमुळे हल्ली प्रत्यक्षातही येत नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की नगराध्यक्षांनी वाजतगाजत तरणतलावाचं उद्घाटन केलं. तलावात पाणी नव्हतं. (भाषण मात्र दुथडी भरून वाहत होतं.) पाणी का नाही, असं मी नगरपालिकेच्या कार्यालयात विचारलं, तर उत्तर आलं, पाणी ही गोपनीय बाब आहे. मी आमच्या साप्ताहिकात तेवढंच छापलं. लगेच फर्मान निघालं, यापुढे प्रत्येक बातमी छापण्याआधी प्रसिद्धी अधिकाऱ्याला दाखवायची. त्या गृहस्थाने लाल पेनाने असा धुमाकूळ घातला, की 'उकाडा वाढला' हीसुद्धा बातमी खोडली. का, तर लोकांना पोहायची आठवण होते! निधनवार्तांवर मात्र तो न वाचताच सही ठोकायचा. मेलेली माणसं माहिती मागत नाहीत ना.

मग काय, मी तलावाचीच निधनवार्ता दिली. 'अल्पशा उद्घाटनानंतर दुःखद निधन. पश्चात एक शिडी, दोन फिती आणि ठेकेदार असा परिवार.'

आत्या, रविवारी अख्खं गाव फुलं घेऊन तलावावर! शिंपीणबाई तर खऱ्याखुऱ्या रडल्या (पोहण्याचे पोशाख शिवून बसल्या होत्या बिचाऱ्या). गर्दीचं कळताच नगराध्यक्ष धावत आले, आणि माणसं दिसली की त्यांना बोलल्यावाचून राहवत नाही. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "आम्ही फार प्रयत्न केले हो! पण नळजोडणीचे पैसे उद्घाटनाच्या मंडपातच संपले." मग जीभ चावली, पण तोवर मी सगळं टिपून घेतलं होतं. पुढच्या अंकात ते भाषण शब्दशः छापलं. साहेबांचंच भाषण खोडायची अधिकाऱ्याची काय बिशाद! आता तिथे नळ जोडताहेत.

तुझा निर्भीड भाचा,
संपादक

ता. क. : त्या अधिकाऱ्याला काढलं आणि ती खुर्ची मला देऊ केली. मी बाणेदारपणे नकार दिला.

आणखी ता. क. : बायकोने परस्पर होकार कळवला. सोमवारी रुजू होतोय.

शेवटचा ता. क. (पत्र खरं यासाठीच) : साप्ताहिक आता तू चालव. मुख्याध्यापिका म्हणून जन्मभर लोकांच्या चुकाच काढल्यास ना? पहिला अग्रलेख माझ्याविरुद्ध लिही. आणि चांगला झणझणीत लिही. मिळमिळीत आला, तर खोडीन.