शिकंज्यातला पास्ता

४ जानेवारी

ती. आप्पा,
सा. न. वि. वि. नमस्कार खरा आहे, पण या खेपेला विनंती नाही, अट आहे.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. कागद हातात आला की तुम्ही आधी त्याची जाडी चाचपणार आणि मग मजकूर वाचणार, हे मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम जाड कागद घेतलाय.

परवा आले होते तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात काय सापडलं ते सांगू? चहा, बिस्किटं आणि दोन टोमॅटो, त्यातला एक पेन्शनीत निघालेला. शिवाय कमरेच्या पट्ट्याला नवं भोक! पुस्तकं शिवायच्या आरीनं पाडलंत ना? आई गेल्यापासून तुम्ही निम्मे झालात आप्पा. मला रात्री झोप लागत नाही. म्हणून पुन्हा सांगते, बाइंडिंगचं दुकान बंद करा आणि आमच्याकडे राहायला या.

यावर तुम्ही छाती काढून म्हणालात की मी माझं करून खातो. ठीक, करून दाखवा. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं रात्री जेवायला येतो. पदार्थ मी ठरवणार: भरपूर क्रीम घातलेला, ओव्हनमध्ये भाजलेला चिकन पास्ता. आम्ही तिघांनीही दुसऱ्यांदा मागून घेतला, तर राहण्याचा विषय मी कायमचा मिटवते. एकानं जरी नको म्हटलं, तर दुकानाची किल्ली माझ्या हातात.

आमचे दाताचे डॉक्टर, म्हणजे तुमचे जावई, म्हणतात की अट फार कडक आहे. त्यांना म्हटलं, तुम्ही दाढा बघा.

तुमच्यावर लोभ आहेच, तो अटीत धरलेला नाही.
तुमची हट्टी लेक,
ठमी

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आणि धाव.

ठमीचं पत्र सोबत जोडलंय. वाच आणि तुझ्या भावाची अब्रू वाचव. चाळीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे चढवले, पण पास्ता उकळतात की भिजत घालतात याचा मला पत्ता नाही. ओव्हन आहे. ठमीनंच कधीतरी दिला होता. त्यात मी चामड्याचे तुकडे ठेवतो, दमट हवेत बुरशी येत नाही.

दुकान सोडून मी काय करणार गं? जावयाच्या दवाखान्यात बसून लोकांच्या कवळ्या बघू? इथे सकाळी घरातलंच दुकानाचं दार उघडलं की कागदाचा वास येतो आणि मला बरं वाटतं. एवढंच आहे माझं, आणि तेवढं मला हवंय.

तू वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात जन्म घालवलास. तुझ्या पायाला प्लास्टर आहे, हात तर मोकळे आहेत. ताबडतोब लिही.

घाबरलेला,
धाकट्या

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा. आधी ओव्हनमधलं चामडं काढ!

आता नीट वाच. पास्ता मिठाच्या पाण्यात उकळ, पण किंचित कच्चा ठेव, कारण तो पुढे ओव्हनमध्येही शिजणार आहे. चिकनचे बारीक तुकडे लसूण, मीठ आणि मिरपूड घालून परतून घे. मग खरी परीक्षा. लोण्यावर मैदा मंद आचेवर भाज आणि थोडं थोडं दूध घालत ढवळत राहा. गुठळी झाली तर सगळं मुसळ केरात. शेवटी क्रीम आणि मूठभर चीज. सगळं एकत्र करून ट्रेमध्ये ओत, वर आणखी चीज आणि ब्रेडचा चुरा पसर, आणि वरून सोनेरी होईपर्यंत भाज. ओव्हनमधून काढलास की लगेच वाढू नकोस. थोडा वेळ जाऊ दे, नाहीतर पानात तळं होईल.

प्रमाण मागच्या कागदावर आहे. ते दहा जणांचं आहे. त्याहून कमी मला येत नाही. जन्मभर पोरांच्या फौजेला वाढलं, लहान पातेलं हातात धरलं की मला खेळण्यातलं वाटतं.

एक मात्र ध्यानात ठेव. तुझी लेक लबाड आहे. भिंगरीला चमच्यातून ओघळणारं, गिळगिळीत काही म्हणता काही चालत नाही. खीर बघितली तरी पोर टेबलाखाली जाते. म्हणूनच ठमीनं हा पदार्थ निवडलाय. मोठ्यांना जिंकशील, नातीचं काय करणार ते तुझं तू बघ.

रोज पोटभर जेवत जा.
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज जमिनीवर पाय ठरत नाहीयेत, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

अगं, तू आधी का नाही सांगितलंस? मैदा, मंद आच, थोडं थोडं पातळ घालत ढवळणं, ही तर खळ! मी रोज सकाळी करतो! पुठ्ठ्याला लावायची खळ पाण्यात आणि ही दुधात, एवढाच फरक. नवा कोरा ब्रश आणला, त्यानंच ढवळलं. एक गुठळी दाखव, दुकान तुझ्या नावावर करतो.

शेजारचे शिंपीदादा वासानं गळ्यात टेप घेऊनच आले. थांबायला सांगितलं तर ऐकेनात, ओव्हनमधून निघाल्या निघाल्या चमचा घालून बसले. जीभ भाजली, तरी दोन ताटल्या संपवल्या. पानात तळं झालं होतं खरं. आता त्या रविवारी तू म्हणतेस तसा वेळ देणार.

त्यांच्याकडून चार खुर्च्या मागून आणल्यात. माझ्याकडे बसायला एक स्टूल आहे.

भिंगरीचा विचार आला की मात्र ढवळणारा ब्रश थांबतो. तो सॉस इतका सुरेख ओघळतो गं!

तुझा,
धाकट्या

६ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि. तुझा पाय आता कसा आहे? खरं तर हे विचारण्याइतकाही दम निघत नाहीये, कधी एकदा कालचं सांगते असं झालंय.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पांनी दाढी केली होती. कागद कापायच्या टेबलावर स्वच्छ चादर, भोवती चार वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या. ट्रे ओव्हनमधून निघाला आणि माझं धाबंच दणाणलं. वरून सोनेरी, कडेला बुडबुडे, आणि वास असा की ह्यांनी नॅपकिन गळ्यात बांधला. म्हटलं, आता भिंगरीवरच सगळी भिस्त. ती आधीच टेबलाखाली गेली होती.

आप्पा म्हणाले की थोडा वेळ जाऊ द्यायचा आहे, ताईचा हुकूम आहे, आणि ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेले. मग आतून कर्रकर्र आवाज. मी धावत गेले. आत्या, आप्पांनी ट्रे पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातला होता! पास्त्यावर तेलकागद, त्यावर फळी, आणि जिभेचं टोक दातात धरून ते चाक फिरवत होते. चारी बाजूंनी सॉस उसळून बाहेर येत होता. तो कुणाच्या तरी शब्दकोशावर सांडत होता.

मी ओरडले तेव्हा ते भानावर आले. चाकावरचा हात तसाच. हळू आवाजात म्हणाले की खळ लावली की दाबून ठेवायचं, हाताला दुसरं काही माहीतच नाही. मग खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. मी किल्ली घेतली.

एवढ्यात भिंगरी आली. फळी उचलली तर खाली पास्त्याची वीट! पुठ्ठा कापायच्या नव्या पात्यानं, पट्टी धरून, आप्पांनी सवयीनं तिचे चौकोन पाडले. कडा अशा की बघत राहावं. भिंगरीनं एक चौकोन पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरला, उलटा केला, हलवून पाहिला. काही ओघळेना. कोपरा चावला. मग जाहीर केलं की हे गळत नाही, म्हणून हे चांगलं आहे, आणि दुसरा चौकोन मागितला. नंतर तिसराही!

ह्यांना हसून हसून उचकी लागली. उचकी देतच त्यांनी दुसरा मागून घेतला. उरले मी. एका हातात किल्ली, समोर ताटली. नको म्हटलं असतं तर आप्पा आज माझ्या घरी असते. पण पातं धरून कडा सरळ करताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता, आत्या. मी किल्ली खिळ्याला अडकवून आले आणि दुसरा चौकोन मागितला.

आता झोप लागेल की नाही, माहीत नाही. तू तरी त्यांच्यावर लक्ष ठेव.
तुझी हरलेली भाची,
ठमी

१५ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
विजयी बापाचे अ. उ. आ.

शब्दकोशवाल्या गृहस्थांना नवं मुखपृष्ठ फुकट करून दिलं. ते म्हणाले की पुस्तकाला छान वास येतो. शिकंजा धुतला, तरी चाक फिरवलं की लसणाची आठवण होते.

आता एक अडचण सांगतो. तुम्ही गेल्यावर मी तो पास्ता माझ्या एकट्यापुरता करायला बसलो. मूठभर मैदा, वाटीभर दूध. करपला. पुन्हा केला, पुन्हा करपला. ताईचं प्रमाण कमी होतच नाही. मग चिडून पूर्ण ट्रे केला आणि शिंपीदादा न् मी दिवसचे दिवस तेच खात होतो. पट्टा जुन्या भोकावर आलाय, हे तुला मुद्दाम कळवतो. आता तरी झोप.

मी राहायला येणार नाही. ठरलं ते ठरलं. पण त्या रात्री तुमची बस गेली, मी घरात आलो, आणि ते टेबल मला फार मोठं वाटलं. बोललो नसतो, पण कागद जाड आहे, सोसेल.

जावईबापूंना आणि भिंगरीला माझी आठवण सांग. लोभ जसा आहे तसाच राहू दे, जमल्यास दुसऱ्यांदा वाढून घे.
तुझा,
आप्पा

ता. क. शिंपीदादा खुर्च्या परत मागताहेत. देऊन टाकू, की पुढच्या रविवारीही लागणार आहेत, तेवढं उलट टपाली कळव.