मिश्री आईची, दाढ लेकीची

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
शासकीय रुग्णालय, जि. बीड.

अर्जदार : भिवराबाई सटवा गडदे, रा. उमापूर, ता. गेवराई.

विषय : लेकीच्या केसपेपरवर आईची मिश्री लिहिली गेल्याबाबत, व दाढ सुरक्षितपणे काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या दंतविभागाचा शेरा, "मिश्री बंद करा."

महोदय,

१. विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदाराची मुलगी शिवकन्या, वय १९, हिचे रक्त जन्मापासून लवकर गोठत नाही. हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. आता खालची दाढ किडून गाल सुजला आहे. रक्त गोठण्याचे इंजेक्शन दिल्याशिवाय दाढेला हात लावू नये, अशी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे.

२. दंतविभागात शिवकन्येला तोंड उघडता येईना, म्हणून अर्जदार बोलली. अर्जदाराचा जन्म मेंढरांमागे गेला. ती भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावते, दात काळे आहेत, हे नाकारत नाही. डॉक्टरसाहेबांनी बोलणारीचे तोंड पाहिले आणि न बोलणारीच्या कागदावर लिहिले, "मिश्रीमुळे रक्तस्राव." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. "साहेब, मिसरी मी लावते, तिनं हातबी लावला न्हाई," असे परोपरीने सांगितले. "सगळ्या असंच म्हणतात," असे उत्तर मिळाले.

३. तो शेरा वाचून रक्तविभागाने, मिश्रीचे रक्त आमच्याकडे येत नाही, असे सांगितले. दंतविभाग म्हणतो, आधी मिश्री सुटू द्या. जी लावलीच नाही ती सुटावी कशी, याचा खुलासा कोणी करत नाही. शेवटी अर्जदाराने स्वतःची मिश्री सोडली व तसे जाऊन कळविले. तेव्हा "बाई, तुमचा इथं काय संबंध?" असे विचारण्यात आले. अर्जदारास लई राग आला आहे, हे नम्रपणे नोंदवावे.

४. पोर जेवत नाही, नुसती तळमळते. काल तिने बापाचे पाय धरले, "आबा, तुमीच काढा की." पती सटवा मेंढ्यांच्या खुरातले काटे काढायची पक्कड चुलीवर तापवून घेऊन आले. त्यांचे डोळे भरले होते. दाढ निघाली असती. रक्त कोणी थांबवले असते? अर्जदाराने पक्कड हिसकावून कमरेला खोचली आहे व झोपतानाही काढत नाही. परंतु लेक रडते आणि बाप मागतो, यापुढे एकटीचा जोर पुरत नाही.

तरी शेरा दुरुस्त करून, दोन्ही विभागांनी एकत्र बसून दाढ काढण्याची तारीख द्यावी. ती हाती पडेपर्यंत अर्जदार पक्कड सोडणार नाही.

आपल्या दारी उभी,
भिवराबाई सटवा गडदे
(निशाणी डावा अंगठा)
लिहिणार : पुतणी मोहिनी
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी व केसपेपरची झेरॉक्स.