वीस बाकी

६ एप्रिल, रविवार. इद्दतचा २१वा दिवस

हे गेले त्या सकाळी सहरीची भांडी घासली, कडीपत्त्याला पाणी घातलं, बाल्कनीतले कपडे काढले आणि यांच्या निळ्या शर्टाला इस्त्री केली. कॉलरवरचा तेलाचा डाग गेला नव्हता. रोजा होता म्हणून डबा नाही, तरी सवयीने हात डब्याकडे गेला. हे दारात बूट घालत म्हणाले, "आज ती रायफल संपवतो." मी म्हटलं, "संपवा, आणि येताना कोथिंबीर आणा."

एवढंच बोलणं झालं. दुपारी तीनच्या सुमारास आमच्या मुलीला, नाझियाला, तिच्या ऑफिसात फोन गेला. यांना इथल्या, बहरैनच्या मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधून गाडीत घातलं, हॉस्पिटल येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ईद आली नि गेली. नाझियाने शेवया केल्या. कच्च्या राहिल्या. दोघींनी खाल्ल्या.

८ एप्रिल, मंगळ. २३वा

यांची पिशवी आज उघडली. वर्कशॉपमधल्या दत्ताभाऊंनी त्याच दिवशी आणून दिली होती, खुंटीला तशीच होती. चष्मा, पुसायचं फडकं, खिशात मावेल अशी वही.

वही ओळखीची. हे नेमबाजीच्या क्लबांच्या रायफली दुरुस्त करायचे. अबू खालिद म्हणून जुने गिऱ्हाईक, वय सत्तरच्या पुढे. काडतुसं स्वतः हाताने भरतात आणि कंपनीच्या काडतुसांपेक्षा लांब ठेवतात. लांब काडतूस आत नीट बसावं म्हणून नळीत, गोळीचं टोक जिथं पोचतं तिथं, थोडं पोलाद खरवडून जागा करावी लागते. त्याचं हत्यार रीमर. हा शब्द मी यांच्या कॅटलॉगमध्ये वाचला. चौथीत शाळा सुटलेली, पण घरात येईल तो कागद मी वाचते. हे हसायचे, म्हणायचे, मशीनचं गॅरंटी कार्डसुद्धा सोडत नाही ही.

ते काम मशीनवर नाही, हाताने. थोडं फिरवायचं, रीमर काढायचा, पुसायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, मग परत. घाई नाही. जास्त काढलं तर परत लावता येत नाही.

वहीत प्रत्येक कामाचं एक पान. साठ बाकी, पन्नास बाकी, म्हणजे अजून किती खरवडायचं ते, असं उतरत उतरत खाली "झालं" आणि त्याखाली रेघ. सगळी पानं अशीच.

शेवटचं पान अबू खालिदचं. शेवटची ओळ: वीस बाकी.

खाली "झालं" नाही. रेघ नाही.

१० एप्रिल, गुरु. २५वा

दोन दिवस ती ओळ डोक्यातून जात नाही. लिहायचं राहिलं असेल. काम झाल्यावर छातीत कळ आली असेल. कुणाला विचारणार.

दत्ताभाऊंना फोन केला. यांच्या शेजारच्या लेथवर एकवीस वर्षं. कुडाळचे. यांना गाडीत त्यांनीच घातलं.

"दत्ताभाऊ, ती रायफल पुरी झाली होती का?"

"झाली मा. कार्डार सही हा तेंची. रायफल गेली पण."

"सही किती वाजताची?"

 मग म्हणाले, "वयनी, तुमी आता ह्यो इचार कित्याक करतास? इब्राहिमभायच्या कामात कधी कोणाक चूक गावली?"

सही किती वाजताची ते मला माहीत आहे. रमजानात ऑफिसचा क्लार्क एकला निघतो. म्हणून सगळेच जण सकाळीच काम पुरं झाल्याचं कार्ड भरून सही करून देतात आणि काम दुपारी पुरं करतात. वर्षानुवर्षं. हेच मला सांगायचे, "कागद आधी, काम मागून. रोज्यात अल्ला पण समजून घेतो."

१३ एप्रिल, रवि. २८वा

आज अबू खालिद आले होते. खजुराचा डबा घेऊन. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मी पडद्याआड. नाझिया बोलत होती.

त्यांचं हिंदी बाजारातलं. म्हणाले, "इब्राहिम का हाथ, खलास. ऐसा हाथ बहरैन में दूसरा नहीं." मग जरा थांबून, "मैं रोज़ बैठता हूं. चालीस कारतूस भरा. शनिचर को झल्लाक की रेंज पे, सुबह. पहला गोली इब्राहिम के नाम, इंशाल्ला."

नाझिया म्हणाली, "थँक यू, अंकल." 

मी पडद्याला धरून उभी. वही बाजूच्याच टेबलावर होती. तोंड उघडलं नाही. ते जिना उतरले, एकेक पायरी, कठडा धरून. 

यांच्या हाताची लोक स्तुती करतात ते ऐकायला बरं वाटतं. महिनाभर तेवढंच तर आहे. त्यासाठी गप्प राहिले, दुसऱ्या कशासाठी नाही. हे लिहून ठेवते.

१५ एप्रिल, मंगळ. ३०वा

दत्ताभाऊ ड्यूटीवरून सरळ आले. नाझिया घरी होती म्हणून दार उघडलं. खुर्चीवर बसले नाहीत, चपला काढून उंबऱ्याशीच.

म्हणाले, "फोनवर बोलूक होयना म्हणान इलंय. रायफल शिकंजातसून मीच काढलंय. पुसलंय, कार्ड बांधलंय आणि दुसऱ्या दिवशी दिलंय. गेज घातलंय नाय."

गेज म्हणजे काम पुरं झालं का ते तपासायचं माप, एवढं मला ठाऊक.

"तेंचा डोक्या माझ्या मांडयेर होता, वयनी. गेज खय सुचतला?"

मी विचारलं, काम अर्धं असेल तर काय होईल. म्हणाले, काडतूस अडेल, बोल्ट लागणार नाही, अबू खालिद जाणता माणूस, जोर करायचा नाही.

"आणि जोर करून लागला तर?"

त्यांनी चपलांकडे बघितलं. मला माहीत होतं. यांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं. गोळी पुढे अडकलेली असेल आणि बोल्ट दाबून बसवला, तर आतला जोर वाढतो. रायफल फुटू शकते. माणसाचा चेहरा तिथून वीतभर लांब.

"परत मागून घ्या ना," मी म्हटलं. "काहीतरी निमित्त सांगा."

"मागल्यार मॅनेजर इचारतलो, गेज न घालता दिलंस कशी? माझो व्हिसा ऑगस्टात रिन्यू होवचो हा. आणि तेंची सही खोटी ठरतली ती येगळीच." उठले. "मी रात्री झोपूक नाय, वयनी. ह्या पण तुमका सांगूचा होता."

माझ्या नवऱ्याचं डोकं ज्याच्या मांडीवर होतं त्याला मी काय बोलणार. चहा केला. प्यायले नाहीत.

१८ एप्रिल, शुक्र. ३३वा

नाझियाला सगळं सांगितलं. वही दाखवली. तिला माझ्यासारखं भरभर मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.

"ममा, यू कान्ट गो आउट. आय विल कॉल देम."

केला. शुक्रवार, ऑफिस बंद. वॉचमनने उचलला. अबू खालिदचा नंबर देत नाही म्हणाला. निरोप सांगतो, इंशाल्ला. कसला निरोप, कुणाचा निरोप, काही लिहून घेतलं नाही.

"दत्ता अंकलकडे असेल ना नंबर?"

त्यांना विचारला. "नाय," म्हणाले. असेल. माझी खात्री आहे असेल.

नाझिया म्हणते मी जाते एकटी. जाईल. पण वही मराठीत आहे, आणि आपल्या माणसाबद्दल हे सांगायचं तर बायकोने सांगावं, मुलीच्या तोंडून नको.

इद्दतचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, हे मला कुणी जबरदस्तीने सांगितलेलं नाही. मलाच हवं होतं. मय्यतीबरोबर बायकांना जाता येत नाही. कबर मी पाहिलेली नाही. यांच्यासाठी आता करण्यासारखं एवढंच उरलं होतं, की गप्प घरात बसायचं. पहिल्यांदा घराबाहेर पाय टाकायचा तो कबरीकडे, असं मनात धरलं होतं.

मौलानांना नाझियाने फोनवर विचारलं. गरजेचं असेल तर दिवसा जाता येतं, मगरिबच्या आत परत या. हे मला ठाऊक होतं. नाही म्हणाले असते तर, असं क्षणभर वाटलं. तसं म्हणाले नाहीत.

काम झालेलं असेल तर मी उगाच यांच्या नावाला डाग लावीन. झालेलं नसेल तर यांनी न केलेल्या कामावर सही केली, हे मीच जगाला दाखवीन. दोन्हीकडून यांचंच नाव जाणार.

सकाळी बाहेर जायचे कपडे काढून ठेवले.

२० एप्रिल, रवि. ३५वा

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सकाळी दत्ताभाऊंना फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला: मी झल्लाकला जाते, तुमचं नाव घेणार नाही. दोन निळ्या खुणा आल्या. 

साडेसातला निघालो. चौतीस दिवसांनी उजेड अंगावर आला तो सोसेना, डोळे मिटून बसले. नाझिया एकदाच म्हणाली, "ममा, पाणी?" मी नको म्हटलं. समुद्राकडेही बघितलं नाही.

अबू खालिद शेडखाली बसले होते. पुढ्यात काडतुसांचा डबा उघडा, रायफल पिशवीतच. मला बघून उठले. विधवा बाई आणि बाहेर, हे त्यांना कळलं, नजर खाली केली. मी वही उघडून दिली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. बाकी हा शब्द समजवावा लागला नाही, त्यांच्या अरबीतही तोच आहे.

बराच वेळ ते आधीची पानं उलटत बसले. मग विचारलं, "इब्राहिम ने पूरा नहीं किया?"

मी म्हटलं, "मालूम नहीं. इसमें नहीं लिखा."

रायफल त्यांना कुणी दिली ते त्यांना माहीतच आहे. मी नाव घेतलं नाही, त्यांनी विचारलं नाही. डब्याचं झाकण लावलं. लाइनवर उभ्या माणसांना हात हलवून म्हणाले, "मफी, आज मफी." म्हणजे आज नाही. क्लबचा माणूस सोमवारी गेज घालून बघणार आहे. वही त्यासाठी ठेवून घेऊ का म्हणाले. मी दिली.

अकरा वाजायच्या आत घरी आलो. बुरखा काढून खुंटीला लावला, वजू केलं आणि जोहरच्या नमाजाची वाट बघत बसले.