अप्पांच्या तीनचाकीला शॉकॲब्सॉर्बर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (त्यातली तीन अंगं सध्या ठणकत आहेत, तेवढी वजा धर.) तुझी पाठ कशी आहे, भावोजींचा खोकला गेला का, हे सगळं विचारून झालं असं समज, कारण मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि धीर आहे तोवर लिहून टाकलेली बरी.

गाडीवरून पडून मोडलेलं अप्पांचं मनगट प्लास्टरमधून निघालं तेव्हा तू फोनवर बजावलं होतंस, की त्यांची ती मोटरसायकलसारखी तीनचाकी काढून घे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी टेकडीवरच्या मधमाश्यांच्या पेट्या बघायला असल्या वाहनावरून जायचं नाही. मी हो म्हणालो. नंतर तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभाही राहिलो आणि तिन्ही वेळा उकाड्याबद्दल बोलून परत आलो. (त्यांच्यापुढे मी अजून चौथीतच असतो.) शेवटी डोकं लढवलं. माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या त्या गाडीला पुढे स्प्रिंग नावाची वस्तूच नाही. फुग्यासारखा टायर, त्यावर थेट हँडल, म्हणजे वाटेतला प्रत्येक दगड जातीने येऊन मनगटाला भेटतो. तेव्हा पुढे शॉकॲब्सॉर्बर बसवू या म्हणायचं, चाक काढून ठेवायचं आणि सामान मिळत नाही या सबबीवर वर्ष काढायचं, असा माझा बेत.

बेत दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी अप्पा भंगारवाल्याकडून जुन्या मोटरसायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या दोन नळ्या, काखोटीला मारून आले, आणि तुझी भावजय शिवणाची टेप घेऊन मापं काढायला बसली. (ती दोघं एक झाली की या घरात माझं मत कुणी मोजत नाही.) फोर्क बारीक चाकाचा आणि आपलं चाक कलिंगडाएवढं, ते दोन नळ्यांमध्ये मावेना. मला झालेला आनंद लपवताना फार त्रास झाला. पण लेथवाल्याने नळ्यांना धरणाऱ्या पट्ट्याच रुंद करून दिल्या आणि वर गाडी बघायला स्वतः घरी आला. फोर्क लांब निघाला, त्यामुळे गाडीने नाक असं वर केलं, की गरीब नातेवाइकाला न ओळखणारी आत्याच वाटावी. मग फोर्क पट्ट्यांतून वर सरकवला, तेव्हा नाक खाली आलं. पहिली चाचणी माझ्या वाट्याला आली. अंगणाच्या टोकाला ब्रेक दाबला, स्प्रिंग मऊ पडली, गाडी कमरेत वाकली आणि मी तिच्यावरून थेट मेंदीच्या कुंपणात. तुझी भावजय धावत आली, ती आधी गाडीपाशी. मग स्प्रिंगवर पाइपाचे तुकडे चढले, नळ्यांत जाड तेल गेलं आणि गाडीचं वाकणं थांबलं.

शनिवारी अप्पा टेकडीवर जाऊन आले. हात धुऊन स्टुलावर बसले. कसं झालं म्हणून मी विचारलं.

"दुखलं नाही," ते म्हणाले. मग मनगट फिरवून बघत, "इतकी वर्षं दुखत होतं, हे आज कळलं."

ताई, दाढ उपटताना हूं न केलेला माणूस हा. मी उगाच पाना पुसत राहिलो. आता मी गाडी कुठल्या तोंडाने काढून घेऊ? काय बोलायचं ते मला बोल.

तुझा (एवढा अपवाद सोडता) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. रविवारी मी गाडीखाली आडवा पडून नट आवळत होतो, अप्पा वर हँडल धरून. एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी हादऱ्याने पडलो नाही. समोरचा चर मला दिसलाच नाही." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुपचूप तपासूनही आले होते. म्हणजे आम्ही महिनाभर दुरुस्त केलं ते भलतंच. ऑपरेशनला तयार आहेत, पण तुझ्याकडेच, आणि तू बोलावलंस तर. तारीख घे. तोवर गाडी तुझी भावजय चालवते आणि अप्पा मागे बसून चुका काढतात.

ता. क. २ फोन केलास तर रागावू नकोस, आणि डोळ्यांचा विषय त्यांनाच काढू दे. माझा चेहरा समोर असता तर ते माझ्याशीही बोलले नसते. नट आवळून केव्हाच झाले होते, पण मी आणखी थोडा वेळ गाडीखालीच राहिलो.