डाव्या हाताचा ग्लोव्ह

घोडेगाव, ता. नेवासा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सुकन्या हिस मामाचे अ. आ.

आम्ही उभयता बरे आहोत. साखर कारखान्याच्या मिलनं माझे कान नेले, त्यामुळं तू फोनवर कितीही ओरडलीस तरी मला नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा आपलं पोस्टच बरं. पोस्टमन म्हणतो, गावात घरचं पत्र टाकणारा मी एकटाच उरलो.

शेजारच्या बनुबाई सोमवारी घरी आल्या. बुजलेल्या म्हशीनं त्यांना बाजारात लोटलं, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कल्याण आईला नगरला न्यायला निघाला होता. गाडी संगमनेरला मीच वळवायला लावली. म्हटलं, आमची भाची तिथं ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर आहे, घरचं माणूस हाताशी असलेलं बरं. तुझ्या हातून खुब्यात नवा गोळा बसला हे बनुबाई येईल त्याला सांगतात. पन्नास वर्षं म्हशीचे दात बघून वय सांगणारी बाई, आता तुझं कौतुक सांगते. मामी म्हणते, एवढं नाव झालं, आता स्थळं बघायला हरकत नाही. रागावू नकोस.

एक सांगायचं राहिलं. दोन दिवस जखमेतून पाणी येतंय आणि संध्याकाळी अंग तापतं. त्यांची सून आरती रोज पट्टी बदलते, पोर कामाची आहे. थंडीचा ताप असेल. तुझा काय विचार, ते कळव.

आमची आठवण जागी ठेव.
तुझा मामा, आसाराम

संगमनेर
२१ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सुकन्याचा सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं. ते वाचून लगेच कल्याणदादांना फोन केला. बनुबाईंना आजच गाडीत घालून इकडे आणा असं सांगितलंय. पत्र पोचेपर्यंत ते निघालेले असतील. नसले तर तुम्ही स्वतः जाऊन त्यांना बाहेर काढा. हा थंडीचा ताप नाही.

आरतीला सांगा, पट्टी काढताना पाणी पांढरट होतं की पिवळं, वास येत होता का, हे आठवून ठेव. तिनं काही चुकवलंय म्हणून विचारत नाहीये, हेही सांगा. हे जरूर सांगा.

त्या दिवशीच्या ऑपरेशनबद्दल कुणी काही बोललं तर मला कळवा. सध्या दिवसाला सहा-सात केस होतात, जेवण उभ्यानंच होतं. मामींच्या स्थळाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तुमच्या मायेची सुकन्या

घोडेगाव
१३ डिसेंबर २०२४

चि. सुकन्या हिस अ. आ.

तुमच्याकडं जखम उघडून धुतली हे तुला ठाऊकच आहे. त्यानं भागलं नाही. बनुबाईंना आठ दिवसांत परत ताप भरला, मग कल्याणनं नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं बसवलेला गोळा काढून टाकावा लागला. पाय चार बोटं आखूड झाला. अजून तिथंच आहेत, नळीतून पू येतो. बाई आता बोलतही नाहीत. बाजारच्या दिवशी तेवढं विचारतात, म्हशी किती आल्या.

दुसरी गोष्ट वाईट आहे. तुमच्या डॉक्टरांनी कल्याणला सांगितलं, ऑपरेशन चोख झालं होतं, घरी पट्टी बदलताना घाणेरडे हात लागले असतील. घाणेरडे हात म्हणजे आरतीचे, दुसरे कुणाचे? ती गोठ्यातलं शेण काढते हे सगळ्या गल्लीला माहीत. कल्याणनं तिला अंगणात उभी केली आणि दहा माणसांसमोर म्हणाला, माझ्या आईचा पाय हिनं खाल्ला. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं की मी साबणानं हात धुवत होते. कुणी ऐकलं नाही. मीही तिथं होतो. मला अर्धंच ऐकू आलं, पण ते कारण पुरतं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला पाथर्डीकडं माहेरी सोडलं. माहेरच्या घराला कुलूप. आईबाप ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले. आठ महिन्यांची लेक ज्ञानेश्वरी काखेत घेऊन ती त्यांच्या मागं गेली. आता कोयत्यावर आहे.

तुला विचारतो, डॉक्टर म्हणाले ते खरं असतं का? आरतीमुळंच झालं का?

उत्तराची वाट पाहतो.
मामा

संगमनेर
१७ डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र एकट्यानं वाचा. मग कुणाला वाचून दाखवायचं ते ठरवा.

ऑपरेशनच्या वेळी कापलेल्या हाडाच्या कपच्या मी बाजूला करत होते. एक कपची डाव्या हाताच्या तर्जनीला टोचली. थोड्या वेळानं ग्लोव्हच्या आत ओलं लागलं. आमच्या कामात असं झालं की थांबायचं, सांगायचं, ग्लोव्ह बदलायचा. हात कितीही घासले तरी कातडीवर जंतू उरतातच, भोक पडलं की त्यांना वाट मिळते. दोन मिनिटांचं काम. मी थांबले नाही.

आधी मी स्वतःला सांगितलं की तो घाम आहे. मग सांगितलं की गोळा पक्का करायचं सिमेंट कालवलंय, ते घट्ट व्हायच्या आत तो बसला पाहिजे, आता थांबता येत नाही. पण सिमेंट कालवायच्या आधीच मला कळलं होतं. गोळा मी त्याच हातानं दिला. शेवटी ग्लोव्ह काढला तेव्हा बोट रक्तानं माखलेलं होतं. रक्त बनुबाईंचं होतं. माझ्या कातडीला ओरखडाही नव्हता.

आमच्याकडे एकावर एक दोन ग्लोव्ह फक्त आजाराचा रिपोर्ट असलेल्या पेशंटच्या वेळी मिळतात, म्हणजे आम्हाला काही होऊ नये म्हणून. एरवी एकच. आदल्या आठवड्यात मध्येच ग्लोव्ह बदलला म्हणून डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते की सुकन्याबाईंची नखं कापा. तेच कानात होतं. हे कारण आहे, पण ते मला सोडवत नाही.

जंतू त्या भोकातूनच गेला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आरतीच्या हातून गेला असंही कुणाला म्हणता येणार नाही. पण डॉक्टर कल्याणदादांना ते सांगत होते तेव्हा ट्रे घेऊन मी शेजारी उभी होते. मला बोलता आलं असतं.

काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं सिद्ध होत नसतं, कामाला लागा. मेट्रन म्हणाल्या, लिहून काही देऊ नकोस. मी लिहून दिलं आहे.

आशीर्वाद मागत नाही.
सुकन्या

घोडेगाव
२ जानेवारी २०२५

चि. सुकन्या,

तुझं पत्र दहा दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मामीलाही दाखवलं नाही. गाडी मी वळवली होती, लोक मलाही जाब विचारतील, याची भीती वाटली. ते दहा दिवस आरतीनं विनाकारण भोगले. ते माझ्या नावावर.

परवा नगरला जाऊन बनुबाईंना पत्र वाचून दाखवलं. कल्याण पायाशी बसला होता. बाईंनी मला दोनदा वाचायला लावलं. मग भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, तुला शिव्या घालतील. त्या एवढंच बोलल्या, ते मी कानाशी तोंड नेऊन ऐकलं:

“चिठ्ठीत कशापायी सांगती? आरतीवर आळ घातला तो अंगनात, धा मानसांत. तितं येऊन सांग म्हनावं.”

कल्याणनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि वऱ्हांड्यात गेला. तिथं तो रडला की नाही ते मी पाहिलं नाही.

सुकन्या, लोक काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. दगडसुद्धा मारतील. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. बुधवारी ये.

मामा

ऊसतोडीचा तळ, सांगलीकडं
१६ फेब्रुवारी २०२५

सुकन्याताईंना आरतीचा नमस्कार.

पत्ता तुमच्या मामांनी, आसारामनानांनी दिला. दहावी पास हाय, पन पत्र पैल्यांदाच लिहिते. चुकलं तर समजून घ्या.

तुमी अंगनात येऊन जे बोललात ते मला नानांनी उसाच्या फडात येऊन सांगितलं. गल्लीतली छबूबाई तुमच्या अंगावर धावून गेली, तरी तुमी शेवटपर्यंत बोललात असं म्हनाले. तुमचं कामबी गेलं म्हनाले. त्याचं वाईट वाटलं, पन खोटं कशाला लिहू, थोडंच वाटलं.

हे मला न्यायला फडात आले तवा चिखलात उभे ऱ्हायले, मान वर न्हवती. मी त्यांच्यासाटी न्हाई गेले, आत्याबाईंसाटी गेले. सोळा दिवस दवाखान्यात हुते. नर्सबाईंनी शिकवलं तशी पट्टी मीच करायची. आत्याबाई म्हनायच्या, हिलाच करू द्या. विष रक्तात गेलं हुतं. सत्तावीस जानेवारीला पहाटं गेल्या. माझा हात त्यांच्या हातात हुता.

दहावा करून मी परत तळावर आले. टोळी मधीच सोडता येत न्हाई आन मला लगेच त्या घरात जायचं न्हाई. हंगाम संपल्यावर बघीन. ते दर आठवड्याला येऊन बसून जातात.

तुमाला माफ केलं असं लिहीत न्हाई. ते अजून झालं न्हाई. पन एक सांगायचं हुतं. सगळे म्हनायला लागले तवा मलाबी वाटाय लागलं की माझे हात घान हायेत. इथं आल्यावर ज्ञानेश्वरी रडली तरी आदी हात धुवायचे, मग परत धुवायचे, तवर ती रडून झोपायची. हातांना भेगा पडल्या. आई म्हनायची, पोरीला येड लागलं.

नानांनी सांगितलं त्या दिवशी मी ऊस तोडत हुते. हात चिकट हुते, पाचटाची काळी धूळ लागलेली. ती रांगत आली आन मी तिला तशीच उचलली.

तुमीबी जपा.
आरती